कॅमेरा घेतल्यानंतर

जुन्या मराठी घरात, ओसरीवर किंवा माजघरात, एखादे छायाचित्र भिंतीवर हमखास लावलेले असे. डोक्यावर पगडी किंवा रुमाल, खांद्यावर उपरणे, एक हात खुर्चीच्या पाठीवर आणि नजर सरळ समोर. जवळच्या शहरातील एखाद्या स्टुडिओत ते काढलेले असे, आणि बहुतेक माणसांच्या आयुष्यात असा प्रसंग एकदा, फार तर दोनदा येई. त्या स्टुडिओवाल्यापाशी सामग्री ती काय? एक लाकडी कॅमेरा, एक भिंग, आणि भिंतीला किंवा छपराला बसविलेली एक मोठी काचेची खिडकी. त्या खिडकीतून येणारा मवाळ उजेड चेहऱ्याच्या एका अंगावर पडे, दुसऱ्या अंगावर हलकी सावली राही. तेवढ्या भांडवलावर काढलेल्या त्या चित्रात पणजोबांच्या कपाळावरील आठ्या पणतवंडांना आजही मोजता येतात.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्याला आता एकशे सत्तर वर्षे उलटून गेली. या अवधीत छायाचित्र दुर्मिळ होते ते सुलभ झाले, आणि सुलभ होते ते विपुल झाले. मध्यम स्थितीतल्या घरातही आज दहा-वीस हजार छायाचित्रे सहज साठलेली असतात. परंतु घरातले वडीलधारे माणूस गेले आणि भिंतीवर लावण्यासाठी एक चांगले छायाचित्र हवे झाले, म्हणजे मंडळी संगणक उघडून बसतात आणि त्या हजारोंतून एकही धड हाती लागत नाही. एकात डोळे तांबडे आलेले असतात. दुसऱ्यात चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागे काळोख असतो. तिसऱ्यात माणूस हललेले असते. अखेरीस कोणाच्या तरी लग्नातील घोळक्यातून चेहरा कापून घेऊन तो मोठा करावा लागतो, आणि हार घातलेल्या त्या चौकटीतला चेहरा आपल्याच माणसाचा आहे, हे ओळखूनही पटत नाही.

कॅमेरा वाईट होता म्हणून असे झाले काय? तसे क्वचितच असते. कॅमेरा बहुधा चांगलाच असतो. चुकलेले असते ते कॅमेरा घेतल्यानंतरचे. म्हणून फ्लॅश, लेन्स आणि छायाचित्रांवर संस्कार करणारे सॉफ्टवेअर या तीन गोष्टींची निवड कशी करावी, याचा थोडा निवांतपणे विचार करणे उपयोगाचे आहे. हा प्रश्न हौसेचा आहे तितकाच घरच्या जमाखर्चाचाही आहे.

डिजिटल एसएलआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याची रचना थोडक्यात अशी. लेन्समधून आत आलेला प्रकाश एका तिरप्या आरशावर पडतो आणि तेथून वर वळून डोळ्याशी येतो. म्हणजे लेन्सला जे दिसते तेच पाहणाऱ्याला दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि पूर्वी जेथे फिल्म असे तेथे बसविलेल्या सेन्सरवर प्रतिमा उमटते. पुढची लेन्स काढून दुसरी बसविता येते आणि माथ्यावरील खाचेत स्वतंत्र फ्लॅश लावता येतो. ही सोय हेच या कॅमेऱ्याचे मोठे वैभव होय, आणि घेणाऱ्याचा गोंधळही येथूनच सुरू होतो.

येथे काळाने एक पालट घडविला आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही जपानी कंपन्यांनी २०१८ साली आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची नवी मालिका आणली आणि आपले सारे लक्ष तिकडे वळविले. २०२० नंतर या दोघांनी आरशाचा एकही नवा कॅमेरा बाजारात आणलेला नाही. हे ऐकून ज्याच्या घरी जुना डिजिटल एसएलआर आहे तो अस्वस्थ होतो. वस्तुतः त्याने अस्वस्थ व्हावे असे काही नाही. निकॉनने लेन्स बसविण्याची आपली कडी १९५९ साली ठरविली आणि कॅननने १९८७ साली. तेव्हापासून या दोन कड्यांसाठी लेन्सा बनत आल्या, त्यांची संख्या अफाट आहे. नव्याच्या ओढीने अनेकजण त्या विकून टाकीत असल्यामुळे एके काळी दुकानाच्या काचेबाहेरून पाहावयाच्या लेन्सा आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आहेत. कॅमेऱ्याचे यंत्र दहा वर्षांत जुने होते. चांगली लेन्स नीट जपली तर तीन पिढ्या काम देते. खर्चाचा विचार करताना हा फरक विसरू नये.

आता क्रमाने पाहावयाचे तर पहिला मान प्रकाशाचा. कॅमेऱ्याच्या कपाळातून टपकन वर येणारा जो लहानसा फ्लॅश असतो, तो बहुतेक वाईट छायाचित्रांचा जनक आहे. तो लेन्सच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे त्याचा प्रकाश समोरच्या माणसाच्या डोळ्याच्या आतील रक्तवर्णी पडद्यावर आपटून सरळ लेन्सकडे परत येतो आणि डोळे तांबडे दिसतात. तो समोरून पडतो, म्हणून चेहऱ्यावरच्या सावल्या नाहीशा होतात आणि चेहरा चपटा दिसतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा होत नाही, तो चौथाई होतो. म्हणून पहिल्या ओळीतला नवरदेव पांढराफटक आणि तिसऱ्या ओळीतले मामा अंधारात, अशी विषम वाटणी होते.

फ्लॅशची शक्ती मोजण्यासाठी एक अंक वापरतात, त्याला गाइड नंबर म्हणतात. हा अंक लेन्सच्या छिद्राच्या अंकाने भागला की फ्लॅश किती मीटरपर्यंत पोहोचेल ते समजते. कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशचा हा अंक १२ च्या आसपास असतो. सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सचे छिद्र, ती पुढे ताणली असता, एफ ५.६ हून मोठे होत नाही. १२ ला ५.६ ने भागले तर उत्तर दोन मीटरांहून किंचित अधिक येते. मंगल कार्यालयाच्या मागच्या खुर्चीवरून असा फ्लॅश उडविणाऱ्याने पुढच्या खुर्चीची पाठ तेवढी उजळलेली असते.

स्वतंत्र फ्लॅश घेताना जाहिरातीतला मोठा गाइड नंबर पाहून भुलू नये. काही कंपन्या हा अंक फ्लॅशचा झोत अरुंद करून सांगतात, तर काही तो पसरट ठेवून सांगतात. कॅननच्या एका प्रसिद्ध फ्लॅशचा अंक ५८ असा सांगितला जात असे. पण तो १०५ मिलिमीटरच्या अरुंद झोताचा होता. ३५ मिलिमीटरच्या पसरट झोतासाठी त्याच फ्लॅशचा अंक ३६ भरे. निकॉनचा एक फ्लॅश २८ अंकाचा म्हणून दुबळा समजला जाई. तो अंक मुळातच ३५ मिलिमीटरचा होता. तेव्हा दोन फ्लॅशांची तुलना करावयाची तर दोन्ही अंक एकाच झोतासाठी दिलेले आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. तांदळाचे दोन भाव ऐकताना एक किलोचा आणि दुसरा पायलीचा नाही ना, हे गृहिणी पाहते, त्यातलाच हा प्रकार.

शक्तीपेक्षाही महत्त्वाचा गुण एकच, तो म्हणजे फ्लॅशची मान. ती वर, बाजूला आणि मागे वळली पाहिजे. मान वर करून पांढऱ्या छताकडे फ्लॅश उडविला की छताचा मोठा तुकडा उजळतो आणि तेथून मवाळ प्रकाश खाली उतरतो. बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड केले तर जुन्या स्टुडिओतील खिडकीच जणू त्या भिंतीत उघडते. याची किंमत मात्र द्यावी लागते. फ्लॅशपासून छतापर्यंत दोन मीटर आणि छतापासून माणसापर्यंत तीन, असा पाच मीटरांचा प्रवास होतो, आणि छतावर विखुरताना तीन-चतुर्थांश प्रकाश वाया जातो असे धरावे. ३६ अंकाचा फ्लॅश असला तरी आयएसओ १०० ला छिद्र एफ ३.५ च्या जवळपास उघडावे लागते. आयएसओ ४०० केल्यास ते एफ ७ पर्यंत मिटता येते. हा हिशेब एकदा वहीत मांडून पाहिला, की अंगच्या फ्लॅशने हे काम का होत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही.

येथे मांडवाची एक अडचण आहे, ती पुस्तकांत सापडत नाही. लग्नाच्या मांडवाचे छत पांढरे क्वचितच असते. ते तांबडे, भगवे किंवा पिवळे असते. त्यावर फ्लॅश उडविला तर प्रकाश कापडाचा रंग घेऊन खाली येतो, आणि साऱ्या वऱ्हाडाला हळद लागल्यासारखी किंवा कावीळ झाल्यासारखी दिसते. अशा वेळी फ्लॅशला जोडून पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा रबराने बांधावा आणि प्रकाश त्यावरून पुढे वळवावा. उघड्या अंगणात, रात्री, छतच नसते. तेथेही हाच पुठ्ठा उपयोगी पडतो. आणि भर दुपारी फेट्याखालचे डोळे काळवंडतात, तेव्हा दिवसाउजेडीही हलकासा फ्लॅश हवा असतो. मात्र त्या वेळी शटरचा वेग एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाची असते. त्याहून वेग वाढविला तर चित्राचा काही भाग काळा येतो. अधिक वेगावर चालण्याची सोय काही फ्लॅशांत असते. परंतु तेथे शक्ती बरीच घटते.

फ्लॅश कोणत्या कंपनीचा घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे. कॅमेऱ्याच्या कंपनीचा फ्लॅश खात्रीचा खरा, पण महाग. गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांचे फ्लॅश पुष्कळ स्वस्त असतात, आणि लेन्समधून येणारा प्रकाश मोजून आपली शक्ती आपणच ठरविण्याची सोयही त्यांत असते. घेताना तो आपल्याच कॅमेऱ्यासाठी बनविलेला आहे याची खात्री करावी, कारण खाचेतील धातूच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी असते. फिल्मच्या काळातला एखादा फ्लॅश काकांच्या कपाटात सापडला, तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढविण्याचा मोह टाळावा. जुन्या काही फ्लॅशांच्या टोकाशी दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि त्याने कॅमेऱ्याच्या आतले मंडल जळू शकते.

दुसरा मान लेन्सचा. कॅमेऱ्यासोबत बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. उन्हात ती चांगलेच काम देते, आणि तिला नावे ठेवणे हा नवशिक्यांचा छंद आहे. तिची अडचण संध्याकाळी सुरू होते. देवघरातील समईच्या उजेडात आजी पोथी वाचीत बसली आहे. तेथे फ्लॅश उडविला तर समईचा उजेडच मरतो, आणि न उडविला तर चित्र हलते. अशा वेळी एफ १.८ चे छिद्र असलेली स्थिर लेन्स हवी. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ मधून जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. जेथे सेकंदाचा सहावा भाग पडदा उघडा ठेवावा लागला असता, तेथे साठावा भाग पुरतो. हाताची थरथर आणि आजीच्या ओठांची हालचाल यांना एवढा फरक पुरेसा असतो.

अशी ५० मिलिमीटरची लेन्स कॅनन, निकॉन या दोघांकडेही आहे, आणि त्यांच्या स्वस्त लेन्सांत तिची गणना होते. तथापि घेण्यापूर्वी एक गणित करावे. घरगुती कॅमेऱ्यांतला सेन्सर जुन्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा लहान असतो. त्यामुळे निकॉनमध्ये दीडपटीने आणि कॅननमध्ये १.६ पटीने दृश्य आखडते. ५० मिलिमीटरची लेन्स ७५ किंवा ८० सारखी वागते. एका माणसाच्या चेहऱ्यासाठी हे उत्तम. पण दहा बाय बाराच्या खोलीत चौघांना बसवून चित्र घ्यावयाचे तर छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकते. अशा घरासाठी ३५ मिलिमीटरची लेन्स अधिक सोयीची.

जुन्या लेन्सांच्या बाजारात तीन खाचखळगे आहेत. पहिला निकॉनचा. त्याच्या ३००० आणि ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांच्या अंगात लेन्स फिरविणारी मोटर नाही. जुन्या धाटणीची स्वस्त लेन्स त्यांवर बसते, प्रकाशही मोजते, परंतु आपोआप केंद्रित होत नाही. हाताने फिरवावी लागते. पुढे आरसा नसलेला निकॉन घेऊन मधली कडी लावली तरी ही उणीव भरून निघत नाही. म्हणून ज्या लेन्सच्या पोटातच मोटर आहे तीच घ्यावी. दुसरा कॅननचा. लहान सेन्सरसाठी बनविलेल्या त्याच्या लेन्सा मोठ्या सेन्सरच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. पुढेमागे मोठा कॅमेरा घेण्याचा बेत असेल तर हे आधीच ध्यानात ठेवावे.

तिसरा खळगा कंपनीचा नव्हे, हवेचा आहे. मुंबई, कोकण, गोवा, तसेच कोलकाता किंवा चेन्नई येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो विशेष ओळखावा. पावसाळ्यात लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू एकदा काचेवरील लेपात रुतले, की धुऊनही डाग उरतो. जुनी लेन्स घेताना तिच्या एका टोकाला विजेरी धरून दुसऱ्या टोकाने तिरपे पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर हरकत नाही. तंतू दिसले तर लेन्स परत द्यावी, मग ती कितीही स्वस्त मिळत असो. आणि घेतलेली लेन्स चामडी पिशवीत कपाटाच्या तळाशी न ठेवता, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवावी. त्या पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्या लागतात. लोणच्याची बरणी जपणाऱ्या घराला हे जड जाऊ नये.

याखेरीजच्या लेन्सा गरज पाहून घ्याव्यात. ताडोबातला वाघ किंवा भिगवणचे पक्षी टिपणाऱ्याला ३०० मिलिमीटर लागतातच. कासच्या पठारावरील बोटाच्या पेराएवढ्या फुलाला मॅक्रो लेन्स हवी. तिच्यात वस्तू आणि तिची सेन्सरवरील प्रतिमा यांचे माप एकास एक येते. परंतु वर्षातून एकदा ताडोबाला जाणाऱ्याने एवढी मोठी लेन्स विकत घेण्यापेक्षा चार दिवसांसाठी भाड्याने आणणे शहाणपणाचे. मोठ्या शहरांत ती सोय झालेली आहे.

लेन्सांच्या संख्येवर काम अवलंबून नसते, याचा एक ठळक दाखला आपल्या देशातच आहे. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या आणि पुढे दिल्लीत राहून त्यांनी वृत्तछायाचित्रणाचे काम केले. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. स्वातंत्र्याच्या आगेमागेच्या कितीतरी प्रसंगांची जी छायाचित्रे आज देशाच्या आठवणीचा भाग झाली आहेत, त्यांतली अनेक त्यांची आहेत. १९७० साली त्यांनी हे काम थांबविले, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ च्या जानेवारीत त्या निवर्तल्या. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे कॅमेरे असत. रोलायफ्लेक्सची लेन्स बदलता येत नाही, आणि त्यातल्या एका फिल्मवर बारा चित्रे निघतात. जवळून हवे तर जवळ जावयाचे, दुरून हवे तर मागे सरावयाचे, आणि बारापैकी एकही वाया जाऊ द्यावयाचे नाही. ज्याच्या पिशवीत पाच लेन्सा आहेत, त्याने एखादा महिना एकच लेन्स लावून काम करून पाहावे. जी लेन्स पिशवीतून बाहेर काढण्याची आठवण महिन्याभरात एकदाही झाली नाही, ती विकली तरी चालेल.

तिसरी निवड सॉफ्टवेअरची. छायाचित्रावर हात फिरविणे हे आधुनिकांचे पाप आहे, अशी काहींची समजूत असते. जुने स्टुडिओवालेही काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्याचे डाग बुजवीत, आणि ते काम झाल्यावर क्रमांक घालून निगेटिव्ह जपून ठेवीत. फरक एवढाच, की पेन्सिलीची चूक त्या काचेवर कायम राही. आज तसे होण्याचे कारण नाही, परंतु त्यासाठी एक नियम पाळावा लागतो.

कॅमेरा दोन प्रकारे चित्र साठवू शकतो. जेपेग या प्रकारात कॅमेरा स्वतःच रंग, उजेड ठरवून चित्र शिजवून देतो आणि उरलेला ऐवज टाकून देतो. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. रॉ म्हणजे कच्च्या प्रकारात सेन्सरने टिपलेले सारे जसेच्या तसे राहते; चौदा बिटांच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या असतात. मांडवाच्या पिवळ्या उजेडाने बिघडलेला रंग किंवा काळवंडलेला चेहरा कच्च्या चित्रातून पुष्कळ अंशी सावरता येतो, जेपेगमधून थोडाच. कच्ची चित्रे जागा मात्र खातात. चोवीस दशलक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्यात एक चित्र पंचवीस-तीस मेगाबाइटचे होते, म्हणजे हजार चित्रांना पंचवीस ते तीस गिगाबाइट.

कच्च्या चित्रावर काम करणारी चांगली सॉफ्टवेअरे मूळ चित्राला हात लावीत नाहीत. काय बदल करावयाचे याची यादी ती वेगळी ठेवतात आणि छापण्याच्या वेळी त्या यादीप्रमाणे नवी प्रत काढून देतात. सरकारी कचेरीत आलेल्या मूळ अर्जावर कोणी खाडाखोड करीत नाही. तो जसाच्या तसा फाइलीत राहतो. अधिकाऱ्यांचे शेरे वेगळ्या टिपणीच्या पानावर पडतात, आणि पुढे मतभेद झाला तर मूळ कागद पाहता येतो. छायाचित्राच्या दप्तरालाही हीच शिस्त हवी. जे सॉफ्टवेअर मूळ कागद शाबूत ठेवते ते घ्यावे. इतर सारे गुण त्यानंतर मोजावेत.

किमतीचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कॅनन आणि निकॉन यांची कच्च्या चित्रांवरील सॉफ्टवेअरे आपापल्या कॅमेऱ्यांच्या मालकांना फुकट मिळतात. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ २०२१ साली आले. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सर्वांसाठी खुली आणि विनामूल्य आहेत. चित्रातील वस्तू काढणे, जोडणे अशा कामासाठी गिम्प आहे. त्याचा आरंभ अमेरिकेतील बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी केला. विकतच्यांपैकी अडोबीचे लाइटरूम २००७ पासून आहे. ते सफाईदार आहे आणि शिकवणारे जागोजाग भेटतात. परंतु २०१७ नंतर ते एकदाच पैसे मोजून मिळेनासे झाले. वर्गणी भरीत राहावे लागते. वर्गणी थांबली तर जुनी चित्रे पाहता येतात, बाहेर काढता येतात; नवा संस्कार करण्याचा कक्ष मात्र बंद होतो. व्यवसाय करणाऱ्याला ही वर्गणी परवडते, कारण ती गिऱ्हाइकाकडून वसूल होते. वर्षातून चार सण आणि दोन लग्ने टिपणाऱ्याने ती का भरावी, याचा त्याने विचार करावा.

सॉफ्टवेअर आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. अ‍ॅपलचे अ‍ॅपर्चर २००५ साली मोठ्या थाटात आले आणि २०१५ साली विक्रीतून गेले. घरोघरी चालणारे पिकासा गूगलने २०१६ साली थांबविले. अशा वेळी ज्यांची मूळ चित्रे साध्या, तारीखवार नावांच्या कप्प्यांत होती त्यांचे फारसे काही गेले नाही. ज्यांनी सारी वर्गवारी त्या एका सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवली होती, त्यांना पुन्हा पहिल्यापासून मांडणी करावी लागली. म्हणून मूळ चित्रे साल, महिना आणि प्रसंग यांच्या नावाने साध्या कप्प्यांत असावीत. त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे, ठेवावी. चोरी, आग आणि पूर या तिन्ही आपत्ती एका वेळी एकाच घरावर येतात.

संस्काराची मर्यादा कोठवर, हा शेवटचा प्रश्न. उजेड सावरणे, रंग खरा करणे, धुळीचा ठिपका काढणे येथवर कोणाची तक्रार नसते. पण आजच्या सॉफ्टवेअरांना आजीच्या सुरकुत्या एका क्षणात पुसता येतात, आणि प्रसंगी जे नव्हतेच तेही चित्रात घालता येते. सुरकुत्या पुसलेली आजी नातवाला ओळखू येत नाही. मग ते चित्र कोणासाठी काढले? ज्या छायाचित्राला पुढे घराचा पुरावा व्हावयाचे आहे, त्यावर इतपतच हात फिरवावा, की त्या माणसाला ओळखणाऱ्या शेजाऱ्याने ते पाहून मान डोलवावी.

सारांश, कॅमेरा हाती असताना खर्चासाठी शंभर रुपये असतील, तर त्यांतले चाळीस एफ १.८ च्या एका लेन्सवर, तीस मान वळणाऱ्या फ्लॅशवर, पंचवीस दोन डिस्कांवर आणि उरलेले पाच सिलिकाच्या पुड्यांवर व पांढऱ्या पुठ्ठ्यावर खर्च करावेत. सॉफ्टवेअरवर पहिले वर्षभर एकही रुपया खर्च करू नये. फुकटचे आधी हाताखाली घालावे. नवा कॅमेरा घेण्याची इच्छा एवढे सगळे झाल्यावर जर शिल्लक राहिलीच, तर ती खरी गरज समजावी.

आणि या शंभर रुपयांपूर्वी एक बिनखर्चाची गोष्ट करता येण्याजोगी आहे. सकाळी नऊच्या सुमारास घरातील कोणत्या खिडकीशी मवाळ उजेड येतो, ते पाहून ठेवावे. एखाद्या रविवारी तेथे खुर्ची मांडावी, घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला बसवावे, फ्लॅश बंद ठेवावा, आणि त्यांच्याशी त्यांच्या लहानपणाविषयी बोलत बोलत दहा-बारा चित्रे काढावीत. त्यांतले एक छापून त्यांच्या हयातीतच भिंतीवर लावावे. ते चांगले आले आहे की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.